कॅम्पातलं कालवण

मला सासरी पाठवताना आईनं ट्रंकेच्या तळाशी सुक्या बांगड्यांची पुरचुंडी ठेवली होती. वर लुगडी, त्यांच्यावर आमसुलांची बरणी आणि कोपऱ्यात तिरफळांची पिशवी. मालवणकडच्या मुलीला घाटावर दिली की आया असंच करायच्या. मुलगी कुठल्या गावी चालली आहे यापेक्षा तिथं तिला काय मिळणार नाही, याचाच घोर त्यांना जास्त.

मी आले चिंचवडला. पंचावन्न-छप्पन साल असेल. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि आमचे हे तिथं फिटर होते. गाव आमच्याच बाजूचं, पण लहानपणीच पुण्याकडे आलेले, त्यामुळे घाटावरचं सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. गणपतीच्या देवळामागे, नदीच्या बाजूला एका घरात त्यांनी खोली घेतली होती. घरमालकीण विधवा होत्या, पन्नाशीच्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. घरात मासमच्छी आणायची नाही या अटीवर त्यांनी खोली दिली होती. ही अट आमच्या ह्यांनी मान्य केली होती आणि मला सांगायचं विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, दोनदा नाक वर केलं आणि कुठं उंदीर मेलाय का म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत ह्यांनी ट्रंक उघडली, पुरचुंडी काढली, सायकलच्या हँडलला बांधली आणि कामावर निघून गेले. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, खानावळीत दिली. लग्नाआधी ते जिथं जेवायचे, त्या पिंपरी स्टेशनजवळच्या खानावळीतल्या चुलीवर माझे बांगडे भाजले गेले होते आणि शिफ्टवरून सुटलेल्या मंडळींनी ते चाखत चाखत खाल्ले होते.

मला रडू आलं. बांगड्यांसाठी रडते आहे असं सांगायची लाज वाटली, म्हणून आईची आठवण येते म्हटलं, आणि तेही खोटं नव्हतं.  हे म्हणाले, दोन राखून ठेवायला सांगितलेत, रविवारी तुला तिकडेच जेवायला नेतो.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण मी तोवर लग्नाच्या पंगतीत जेवले होते, देवळातल्या समाराधनेला जेवले होते; पैसे देऊन परक्या माणसाच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. आमच्या गावात हॉटेल म्हणजे चहाचं एक छप्पर, आणि तिथं बायका पाऊल ठेवायच्या नाहीत. चिंचवड गावातही तीच तऱ्हा होती. शिवाय सायकलवर मागे बसून गावातून जाणं शोभणारं नव्हतं. म्हणून रविवारी हे सायकल घेऊन पुढे गेले, मी देवळात जाते असं काकूंना सांगून निघाले, खरोखरच देवळात जाऊन नमस्कार केला आणि मग रेल्वेच्या फाटकापलीकडे जाऊन कॅरिअरवर बसले. हा आमचा रिवाज पुढे बरेच महिने चालला. गणपतीला माझं इतकं दर्शन तेव्हा घडलं की काकूंनी मला भाविक ठरवलं.

खानावळ साताऱ्याकडच्या एका गृहस्थांची होती. पत्र्याखाली लांब बाकं आणि त्यांवर सगळे पुरुष. मी दारात दिसले तशी सगळी मंडळी हातातला घास हातात धरून उठून उभी राहिली. मालकांची तर धांदल उडाली. त्यांनी दोरीवरचं वाळत टाकलेलं स्वतःचं धोतर ओढलं, कोपऱ्यात दोन खिळ्यांना बांधलं आणि त्या पडद्याआड मला बसवलं. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि माझे दोन बांगडे. ठेचा जिभेला लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं, पण मला दुसरंच काही जाणवलं. पलीकडे चिडीचूप शांतता होती. धोतर पातळ, त्यामुळे माझी सावली सगळ्यांना दिसत असणार. कुणी बोलेना, कुणी भाकरी मागेना.

शेवटी मालक पडद्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा काहीतरी बोला. त्याशिवाय ही माणसं जेवायची नाहीत."

काय बोलणार? तोंडाला आलं ते बोलले, आणि ते आलं मालवणीत. भाकरी बरी झाली आहे, एवढंच. पण ते ऐकताच पलीकडून कुणीतरी देवगडकडचा माणूस आनंदानं ओरडला, "वयनी, तुमी खंयच्या?" मग काय, गाव निघालं, गावातली ओढूनताणून जोडलेली नाती निघाली, आणि तिघे-चौघे कोकणातले एकदम बोलायला लागले. पडदा तसाच होता, पण मी त्याच्याआडून भांडल्यासारखी मोठ्यानं बोलत होते. बांगड्याचं शेवटचं शेपूट चोखताना मला पहिल्यांदा वाटलं की इथं आपलं निभेल.

सुके बांगडे संपले तसा ह्यांनी एक पण केला. बायकोला घरात मासा खाऊ घालता येत नाही, तर बाहेर कुठंतरी शोधून खाऊ घालायचाच. वास्तविक ताजा समुद्राचा मासा पुण्याच्या बाजारात मिळायचा, पण आणून शिजवायचा कुठं? म्हणून दर रविवारी आम्ही एकेका दिशेला निघायचो. मासा मिळायचा नाही, दुसरंच काहीतरी मिळायचं.

एका रविवारी आगगाडीनं देहूरोडला गेलो. तिथल्या लष्करी डेपोत मद्रासकडची पुष्कळ माणसं कामाला होती आणि त्यांच्यासाठी एका अण्णांनी छोटं हॉटेल काढलं होतं. त्यांच्याकडे मासा असेल अशी ह्यांची खात्री. मासा नव्हता. पण केळीच्या पानावर वाफाळणारी इडली आली आणि तिच्या शेजारी पांढरी चटणी. मी बोट लावून चाखलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. नारळ! चिंचवडला आल्यापासून नारळ मी देवापुढे ठेवलेलाच पाहिला होता. मी इडली बाजूला ठेवून नुसती चटणीच खाल्ली. अण्णांना मराठी येत नव्हतं आणि मला त्यांची भाषा, पण ते चटणीचं भांडंच आणून माझ्यापुढे ठेवून गेले. आत त्यांची बायको खोबरं वाटत होती. मी आत डोकावले, तिनं वरवंटा थांबवला आणि मान हलवून मला बसायला सांगितलं. तिचं वाटण आमच्यापेक्षा जाडसर होतं. मी खुणेनं तसं सांगितलं, आणि तिनंही खुणेनंच सांगितलं की असंच पाहिजे.

मग चाकण. ह्यांच्याबरोबर काम करणारा एक जण चाकणजवळच्या शेतकरी घरातला होता. तो आमच्याकडे आला की ओट्यावर बसून त्याच्या गावाची तारीफ करायचा. "वैनी, भामा नदीचं मासं म्हंजी तोंडात इरगळतंय बगा," असं त्यानं काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं. बाजाराच्या दिवशी यायचं ठरलं. बसमधून उतरलो तर जिकडे पाहावं तिकडे कांदा. ढिगाऱ्यांच्या मधून गाड्या, बैल, माणसं. हवेतच कांदा होता, डोळे चुरचुरत होते. त्याच्या चुलत्यांचं तिथं पाल होतं, लिंबाखाली. जमिनीत खणलेल्या चुलीवर ही मोठी कढई. चुलते आम्हाला पाहताच पुतण्यावर रागावले. चैत्राचं ऊन, नदीला घोट्याएवढं पाणी, मासं आणू कुठनं, असं विचारू लागले. बिचारा पुतण्या खाली मान घालून उभा.

त्या चुलत्यांनी मासा नसल्याची सगळी भरपाई भज्यांनी केली. कांद्याची खेकडा भजी, कढईतून काढली की थेट ताटात. नको म्हटलं की आणखी एक झारा. वर गुळाचा चहा. पण त्या पालात मला भज्यांपेक्षा मोठी गोष्ट दिसली. आसपासच्या गावांतल्या बायका भाजी विकून आल्या होत्या, डोईवरचा पदर नीट केला, ऐसपैस मांडी घातली आणि पुरुषांच्या शेजारीच भजी खात, मोठमोठ्यानं बोलत बसल्या. कुणी धोतराचा पडदा बांधला नाही. एकीनं मला सरकून जागा करून दिली आणि विचारलं, "कुटली गं तू? अशी आंग चोरून का बसलीस?" मी नीट मांडी घालून बसले.

कॅम्पात आम्ही गेलो ते त्यानंतर. पिंपरीला फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची वसाहत होती. सगळे तिला कॅम्प म्हणायचे. ओळीनं बराकी, त्यांच्या व्हरांड्यांत दुकानं. सात-आठ वर्षांपूर्वी हातात काही नसताना आलेली माणसं होती आणि आता कुणी कापड विकत होतं, कुणी पापड, कुणी बिस्किटं. एका बराकीच्या टोकाला एक वयस्क नवरा-बायको सकाळी दालपकवान विकायचे. ते सिंधमधल्या सक्करचे. नवऱ्याला सगळे साईं म्हणायचे आणि ते गिऱ्हाइकालाही साईंच म्हणायचे, त्यामुळे तिथं कोण कुणाला बोलावतंय ते कळायचं नाही.

पकवान म्हणजे मैद्याची कडक, खुसखुशीत, तळलेली मोठी पुरी. ती मोडून हरभऱ्याच्या दाट डाळीबरोबर खायची, वर चिंचेचं पाणी आणि कच्चा कांदा. मी दारात घुटमळले तशी साईंची बायको बाहेर आली, तिनं माझं मनगट धरलं आणि मला सरळ स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. उंच, गोरी बाई, डोक्यावर पांढरी ओढणी. मोडक्या मराठीत हिंदी मिसळून बोलायची. मला पहिल्या दिवसापासून तिनं धी म्हटलं. धी म्हणजे मुलगी. मी तिला मावशी म्हणू लागले.

तिनं मला वाढलं आणि समोर बसून मी कशी खाते ते पाहू लागली. मग विचारलं, तुझ्या घरी काय खातात. मी म्हटलं, मासे. आमचं घर दर्याच्या काठी आहे.

तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, आमचंही घर दर्याच्या काठीच होतं.

मग आम्ही दोघी दर्याबद्दल बोलत सुटलो. रोज सकाळी होड्या यायच्या, मी म्हटलं. आमच्याकडेही, ती म्हणाली. पावसात तो कसा गढूळ होतो आणि कसा गरजतो, यावर आमचं एकमत झालं. मासा तर दर्याचाच, यावरही. मग ती म्हणाली की तिच्या माहेरी सगळे दर्याचंच पाणी प्यायचे. मला वाटलं, तिला शब्द सापडत नाहीये. ती पुढे म्हणाली, पलीकडच्या काठावर भावाचं घर होतं, संध्याकाळी तिथला दिवा दिसायचा. मी तिला समजावून सांगितलं की आमच्या दर्याला पलीकडचा काठच नाही आणि त्याचं पाणी तोंडात घेववत नाही. तिनं माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की काय सांगू. मला तिची कीव येत होती आणि तिला माझी. गाव सोडून आल्यामुळे बाईचं मन थाऱ्यावर राहिलेलं नाही असं मला वाटलं. आणि या पोरीला कसल्या उजाड मुलखात जन्म मिळाला होता, असं तिला वाटलं असावं.

साईं पकवानांची परात घेऊन दारात उभे होते. ते इतके हसायला लागले की त्यांना परात खाली ठेवावी लागली. त्यांच्या बोलीत दर्या म्हणजे नदी. ती सिंधू नदीबद्दल बोलत होती आणि मी समुद्राबद्दल. मावशीनं समुद्र पाहिलाच नव्हता. सीमेकडून रेल्वेनं आली ती थेट इकडे. आणि मी आमची ओढ्यासारखी नदी सोडली तर मोठी नदी पाहिली नव्हती.

हसणं थांबल्यावर तिनं मला पल्ल्याबद्दल सांगितलं. पल्लो हा त्यांचा मासा, समुद्रातून सिंधूत चढून येणारा, चांदीसारखा, काट्यांनी भरलेला. तो खाताना जो बोलतो त्याच्या घशात काटा अडकतो, म्हणून पल्ल्याच्या जेवणाला घरात शांतता असायची, आणि तिच्या लहानपणी भावंडांची भांडणं फक्त तेवढा वेळ बंद असायची. इथं आल्यापासून तिनं मासा शिजवला नव्हता. साईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मासा आणू म्हटलं तर ती विषयच बदलते. पण त्या दिवशी तिनंच विचारलं की तुझ्या त्या खाऱ्या दर्याचा मासा इथं मिळेल का.

साईंच्या ओळखीचा एक जण मुंबईला मासळीच्या धंद्यात होता. त्याच्याकडून सकाळच्या पॅसेंजरनं एक करंडी मागवायची, पुढच्या रविवारी ती पिंपरी स्टेशनवर उतरवून घ्यायची आणि मी व मावशीनं मिळून स्वयंपाक करायचा, असं ठरलं. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. सोमवारी खानावळीत बातमी, मंगळवारी सगळ्या शिफ्टला. देवगडकरानं तर रविवारचा ओव्हरटाइम सोडला.

त्या रविवारी मी पहाटेच कॅम्पात पोचले. आदल्या दिवशी ह्यांनी देहूरोडला जाऊन अण्णांकडून नारळ आणले होते. मी पाट्यावर खोबरं, मिरच्या, धणे वाटून तयार ठेवले. आमसुलं भिजवली, तिरफळं ठेचून ठेवली. बाहेर बाकांवर कोकणातली मंडळी येऊन बसायला लागली. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, जणू लग्नालाच आली होती. साईं स्टेशनवर गेले.

ते परत आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. गाडी आली, थांबली, पण मालाच्या डब्याचं दार कुणी उघडलंच नाही. साईं डब्यावर थापा मारत राहिले आणि गाडी आमची करंडी घेऊन पुण्याला निघून गेली. आता ती शोधायची कुठं आणि मिळेपर्यंत तिचं काय होणार? बाहेर बातमी कळली. आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की जणू रेल्वे तेच चालवत होते.

मावशीनं कुणाला दोष दिला नाही. तिनं साईंना एवढंच विचारलं की ही जी मागे नदी आहे, तिच्यात मासे आहेत का?

पवना कॅम्पाच्या मागूनच वाहते. सात-आठ वर्षं ती तिथं राहत होती आणि हे तिनं कधी विचारलं नव्हतं. साईं आणि हे एकाच सायकलवर बसून नदीच्या घाटावर मासे धरणाऱ्या भोयांच्या झोपड्यांकडे गेले आणि तासाभरानं परत आले, तेव्हा हँडलला ओलं पोतं लटकत होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. आत हातभर लांबीचे, चंदेरी खवल्यांचे मासे. अजून कल्ले हलत होते.

मी नाक मुरडलं. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो असं आमच्याकडे म्हणतात. मावशी मात्र पोत्यापाशी खाली बसली. एक मासा दोन्ही हातांत घेऊन तिनं त्याचा कल्ला उघडून पाहिला, पोट दाबून पाहिलं, आणि मग तशीच बसून राहिली.  जरा वेळानं ती उठली, ओढणी कमरेला खोचली आणि असा काही हात चालवायला लागली की मी पाहतच राहिले. खवले काढले, तुकडे केले, त्यांना बेसन आणि मीठ चोळून दोन-तीनदा धुतलं. वास घेऊन बघ म्हणाली. चिखलाचा वास गेलेला होता.

अर्धे तुकडे तिनं घेतले, अर्धे मला दिले. तिनं कांदा, लसूण, टोमॅटो आणि भारंभार कोथिंबीर घालून मंद आचेवर झाकण ठेवून दमात शिजवले. मी माझं नारळाचं तिरफळ घातलेलं कालवण केलं. भात उकळत होता. बाहेर भूक वाढत होती आणि आता कुरकुरही ऐकू येत होती. देवगडकर तर पहिलं ताट आल्यावर बोटानं तुकडा उलटा करून म्हणाला, "ह्यो तळ्यातलो मासो?" मग त्यानं घास घेतला. त्यानं पुन्हा पुन्हा भात मागितला आणि शेवटी मावशीच्या भांड्यातला मसाला पकवानाच्या तुकड्यानं पुसून घेतला. सातारचे खानावळवाले मालकही आले होते. आपल्या गिऱ्हाइकांना इकडे कोण पळवतंय ते पाहायला आलो, असं म्हणाले आणि तेही जेवून गेले.

आम्ही दोघी शेवटी आत जेवायला बसलो. मावशीनं आधी माझं कालवण चाखलं, चांगलं आहे म्हणून मान हलवली. मग आपला तुकडा घेतला. सावकाश, बोटांनी काटे वेगळे करत खाऊ लागली. मला पल्ल्याची गोष्ट आठवली, म्हणून मी गप्प होते. तिनं एक काटा ताटाच्या कडेला ठेवला, दुसरा ठेवला, आणि मग माझ्याकडे पाहून हसली.

"पल्लो नहीं है, धी," ती म्हणाली. "पर काँटे वही हैं."

मग तिनं जेवताना न बोलण्याचा नियम मोडला आणि संध्याकाळपर्यंत मला माहेरच्या गोष्टी सांगितल्या. साईं अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे, ऐकायचे आणि परत जायचे. ते म्हणाले की यांतल्या काही गोष्टी त्यांनाही नव्या होत्या.

पुढच्या रविवारी करंडी नीट उतरली, कारण साईंबरोबर निम्मी खानावळ स्टेशनवर गेली होती. बर्फात आणि भुशात बांगडे होते. मावशीनं आयुष्यातला पहिला समुद्राचा मासा खाल्ला आणि मत दिलं की चव चांगली आहे, पण काटे फारच कमी, खाल्ल्यासारखं वाटत नाही. तेव्हापासून साईंच्या बराकीवर रविवारी मच्छी मिळते हे सगळ्या कारखान्याला माहीत झालं. कधी करंडीतला मासा, कधी पवनेचा. नारळाचं कालवण माझं, दमातलं मावशीचं. पुढे पुढे ती माझं करू लागली आणि मी तिचं, आणि खाणाऱ्यांना फरक कळायचा नाही, निदान ते तसं म्हणायचे.

काकूंचं सांगायचं राहिलं. मी रविवारी परत यायची ती अंगाला वास घेऊनच. मी मागच्या दारानं जायची, विहिरीवर आंघोळ करायची, तरी मला भीती होती की एक दिवस खोली सोडा म्हणून सांगतील. त्या काही बोलल्या नाहीत. पण एका रविवारी विहिरीच्या काठावर चुलीतली राख आणि अर्धं लिंबू ठेवलेलं दिसलं. मला वाटलं, कुणाचं तरी राहिलं असेल. पुढच्या रविवारीही होतं. मग मला कळलं. मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, हाताला लिंबू लावलं की वास जातो, आणि देवळात इतका वेळ कुणी बसत नाही.

मावशी मला कधी रिकाम्या हातांनी पाठवायची नाही. पकवानं बांधून द्यायची आणि डाळीचा डबा. एकदा काकूंनी ती पुरचुंडी पाहून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. हे तळलेलंच आहे ना, त्यांनी खात्री करून घेतली. मग तळलेल्याला काही होत नाही, असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला आणि ओट्यावर बसून पकवान मोडलं. त्याचा आवाज इतका मोठा झाला की रस्त्यानं जाणारे दोघे वळून पाहू लागले आणि काकूंनी ते पदराखाली लपवलं. डाळीवरचा कांदा त्यांनी पहिल्या वेळी चिमटीनं वेचून बाजूला काढला. दुसऱ्या वेळी अर्धाच काढला. त्यानंतर काढल्याचं मला आठवत नाही.

दीडेक वर्षानं आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. स्वतःचं स्वयंपाकघर, हवा तो मासा शिजवायची मुभा. काकूंना सोडून येताना मला जड गेलं, त्यांनाही. पण महिनाभरातच त्या टांगा करून आमच्याकडे आल्या आणि येतानाच विचारलं की कॅम्प इथून किती लांब आहे. रविवारी आम्ही कॅम्पात जायचोच, आता फाटकापर्यंत वेगळं चालायची गरज नव्हती.

वसाहतीत कुठून कुठून आलेल्या बायका होत्या, नगरच्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या. नवरे शिफ्टला गेले की त्या माझ्याकडे यायच्या आणि मी कुठं कुठं काय खाल्लं ते ऐकायच्या. ऐकून ऐकून एकीनं विचारलं की मग आम्हाला कधी नेणार. नवऱ्यांना विचारून ठरवायचं तर वर्ष गेलं असतं, म्हणून आम्ही दुपारच्या गाडीनं सरळ खडकीला इराण्याच्या हॉटेलात गेलो. आमचा सगळा घोळका पाहून वेटर घाईघाईनं आम्हाला आतल्या फॅमिली रूमकडे घेऊन चालला. ती खोली एवढीशी, कोंदट, आम्ही मावणार कशा? मी त्याला बाहेरचीच दोन टेबलं जोडून द्यायला सांगितली. त्यानं गल्ल्यावरच्या इराणीबाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्म्यावरून आम्हाला पाहिलं आणि मान हलवली. टेबलं जोडली गेली. आसपासचे लोक पाहत होते, मग त्यांचा चहा निवायला लागला तसे ते पाहायचे थांबले. आम्ही मस्कापाव मागवला, हिरवी मिरची घातलेलं आमलेट मागवलं, काचेच्या पेल्यांतला चहा मागवला. नगरच्या बाईनं तर पावाला हात लावून पाहिला आणि वेटरला सरळ विचारलं, भाकरी आहे का. तो नाही म्हणाला. तिनं पिशवीतून घरची भाकरी काढली, आमलेट तिच्यावर ठेवलं, आणि आम्हा सगळ्यांना एकेक तुकडा मोडून दिला.